विमाने जमिनीवर चालतात तेव्हा

विमान हा शब्द उच्चारताच मनापुढे उभे राहते ते आकाश. विमानाच्या अपघाताची कल्पनाही आकाशाशीच निगडित असते. ढगांत वाट चुकणे, डोंगरावर आदळणे, इंजिन बंद पडून खाली कोसळणे, अशीच चित्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु प्रत्येक विमानप्रवासाचा आरंभ आणि शेवट भूमीवर होत असतो. शेडमधून किंवा उभे राहण्याच्या जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकापर्यंत, आणि उतरल्यावर तेथून पुन्हा जागेवर, विमानाला स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर चाकांनी चालत जावे लागते. वैमानिकांच्या भाषेत याला टॅक्सी करणे म्हणतात. या चालीत दोन विमाने एकमेकांवर आदळतात, ही गोष्ट सामान्य माणसाला काहीशी हास्यास्पद वाटेल. बहुधा अशा टकरीत कोणी दगावत नाही. पंखाचे टोक वाकते, शेपटीचे कापड फाटते, प्रोपेलरचे पाते मोडते. वर्तमानपत्रांत तिला चार ओळींचीही जागा मिळत नाही. तथापि या क्षुल्लक वाटणाऱ्या टकरींचा इतिहास विमानविद्येइतकाच जुना आहे, आणि विमानाची चाके, दिवे, मनोरे व नियम यांना आज जे रूप आले आहे त्याचा बराचसा भाग या इतिहासाने घडवला आहे.

मुळात विमान हे जमिनीवर चालण्यासाठी जन्मलेले यंत्र नव्हे. त्याचे सर्व अवयव हवेच्या सोयीने बेतलेले असतात. जगभरच्या उड्डाण-शाळांत दिसणारे सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान घेतले, तर त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ११ मीटर आणि मुख्य चाकांमधील अंतर मात्र अवघे अडीच मीटरांच्या आसपास. म्हणजे ज्या वाटेवरून चाके सहज जातात, तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मीटर पंख बाहेर डोकावत असतो, आणि त्याची टोके वैमानिकाच्या खांद्यामागे पडतात. मोटारीला मागे घेण्याची सोय असते. लहान विमानाला बहुधा ती नसते. शेपटीवरचे उभे सुकाणू वाऱ्याने फिरते, आणि जोराचा वारा उभ्या विमानालाही शिडाच्या होडीप्रमाणे वळवू पाहतो. आकाशात चपळ वाटणारा हा पक्षी जमिनीवर उतरला की बदकाच्या चालीने चालू लागतो.

आरंभीच्या काळात या अडचणीची फारशी जाणीव झाली नाही, कारण जागा मुबलक होती आणि विमाने मोजकी होती. १९०९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील रीम्स येथे पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विमानमेळावा भरला, तेव्हा धावपट्टी नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. विस्तीर्ण कुरण हाच विमानतळ. वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेला तोंड करून विमान कोठूनही धावू लागे. त्या विमानांना ब्रेक नसत; शेपटीखाली चाकाऐवजी लाकडाची किंवा लोखंडाची एक घसरपट्टी असे. ती मातीत रुतून विमानाचा वेग आवरी, इतकाच काय तो ब्रेक. वळण्यासाठी इंजिनाचा वेग वाढवून प्रोपेलरचा झोत सुकाणूवर घ्यावा लागे. म्हणजे विमान वळवायचे असेल तर आधी त्याला पुढे धावण्याची प्रेरणा द्यावयाची, असा हा उफराटा व्यवहार होता. म्हणून दोन माणसे पंखांची टोके धरून बरोबर चालत. वासराला दावणीकडे न्यावे तसे ती विमानाला नेत.

पहिल्या महायुद्धात शेकडो तरुणांना घाईने वैमानिक करण्याची वेळ आली, तेव्हा फ्रेंच उड्डाण-शाळांनी एक मौजेचा उपाय काढला. ब्लेरिओ जातीच्या विमानाचे पंख छाटून त्याला उडण्यास असमर्थ करण्यात आले, आणि त्याला नाव पडले ‘पेंग्विन’. नवशिक्याने प्रथम या पंगू पक्ष्यात बसून मैदानावर सरळ रेषेत धावण्याचा सराव करावयाचा. ते दिसते तितके सोपे नव्हते. पेंग्विन गिरक्या घेई, भलतीकडे पळे, एखादे वेळी कलंडेही. जमिनीवरची चाल ही स्वतंत्रपणे शिकण्याची विद्या आहे, हे त्या शाळांनी ओळखले होते. पुढे हा धडा अनेकदा विसरला गेला.

सर्वांत मोठी अडचण दृष्टीची होती. १९५० पूर्वीच्या बहुतेक लहान विमानांची ठेवण अशी असे की, दोन मोठी चाके पुढे, आणि शेपटीखाली एक घसरपट्टी किंवा लहानसे चाक. त्यामुळे उभ्या विमानाचे नाक आकाशाकडे आणि शेपटी जमिनीवर. हवेत गेल्यावर ते नाक खाली येई. परंतु जमिनीवर असेपर्यंत वैमानिकासमोर इंजिनाची भिंत उभी असे. डावी-उजवीकडचे दिसे; नाकासमोरचे दिसत नसे. यावर तोड एकच होती. सरळ न जाता नागमोडी चालावयाचे, एकदा डावीकडे वळून उजव्या बाजूने पुढचे पाहावयाचे, पुन्हा उजवीकडे वळून डाव्या बाजूने. हा नियम जगातील प्रत्येक शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितला. जेथे तो पाळला गेला नाही तेथे टक्कर झाली, आणि ती बहुधा एकाच तऱ्हेची असे. मागून येणाऱ्या विमानाचा फिरता प्रोपेलर पुढे थांबलेल्या विमानाच्या शेपटीत शिरे आणि विळ्याने ऊस तोडावा तशी ती शेपटी तुकड्यातुकड्यांनी तोडीत जाई. पुढच्या विमानातील माणूस मागच्या बैठकीवर असेल तर प्रोपेलर आणि तो यांच्यात केवळ कापड व लाकूड यांचे अंतर उरे.

दुसऱ्या महायुद्धात इंजिने लांबली आणि हा आंधळेपणा आणखी वाढला. ब्रिटिशांचे विख्यात स्पिटफायर विमान आकाशात जितके देखणे, तितकेच जमिनीवर अवघड होते. त्याचे लांब नाक समोरचे सारे झाकून टाकी. चाके एकमेकांच्या फार जवळ होती. आणि जमिनीवर फार वेळ रेंगाळले तर इंजिन तापे. नागमोडी जावे तर वेळ जातो आणि घाई करावी तर दिसत नाही, अशा कात्रीत वैमानिक सापडे. अमेरिकन लढाऊ विमानांच्या तळांवर यंत्रकामगार पंखावर बसून हाताच्या खुणांनी वाट दाखवीत. वाऱ्याच्या दिवशी स्पिटफायरची शेपटी उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर माणूस बसवण्याचीही पद्धत होती. १९४५ साली इंग्लंडमधील हिबल्डस्टो येथे मार्गारेट हॉर्टन नावाची महिला यंत्रसेविका अशीच शेपटीवर बसली असताना, ती उतरली आहे या समजुतीने वैमानिकाने उड्डाण केले. शेपटी विलक्षण जड लागते हे जाणवून त्याने एक फेरी मारून विमान खाली उतरवले, आणि ती बाई सुखरूप राहिली. हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. परंतु वैमानिकाला स्वतःच्याच शेपटीवरचा माणूस दिसत नाही, ही त्यातील गोष्ट गमतीची नाही.

हिंदुस्थानातील नागरी विमानविद्येचा आरंभही अशाच विमानांनी झाला. मुंबईजवळ जुहू येथे १९२८ साली देशातील पहिला नागरी विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. त्यांचे ‘पुस मॉथ’ हेही शेपटी टेकून चालणाऱ्या जातीचेच विमान होते. पावसाळ्यात जुहूच्या सखल जमिनीवर पाणी आणि चिखल साचे व टपालसेवेला आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. जमीन कशी आहे यावर विमानविद्या किती अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली एच.टी.-२ हे पहिले भारतीय बनावटीचे शिक्षण-विमान तयार झाले आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम उडाले. १९५८ साली उडालेले दोन आसनी ‘पुष्पक’ देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचले. या दोन्ही विमानांना शेपटीचे चाक होते. साहजिकच भारतीय वैमानिकांच्या निदान दोन पिढ्या नागमोडी चालीचा पाठ गिरवीत वाढल्या.

मात्र केवळ वैमानिकाच्या सावधपणावर सारा भार टाकणे शक्य नव्हते. दोन माणसे समोरासमोर आली तर कोणी बाजूला व्हावे, हे आधीच ठरलेले असावे लागते. येथे विमानविद्येने समुद्राकडे पाहिले. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या एका परिशिष्टात दिव्यांचे व वाहतुकीचे नियम घालण्यात आले. उजव्या पंखावर हिरवा, डाव्यावर तांबडा आणि मागे पांढरा दिवा, ही व्यवस्था थेट जहाजांवरून उचललेली आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारानंतर जी आंतरराष्ट्रीय नागरी विमानसंघटना उभी राहिली, तिच्या नियमांत जमिनीवरच्या चालीसाठी स्पष्ट तरतूद आहे. दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनी थांबावे किंवा शक्य असल्यास आपापल्या उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी. मागून येणाऱ्याने पुढच्यापासून दूर राहावे. उड्डाण करणाऱ्या विमानाला चालणाऱ्या विमानाने नेहमीच वाट द्यावी. खलाशाला हे नियम नवे वाटणार नाहीत.

नियमांबरोबर नियंत्रकही आला. १९२० साली लंडनजवळील क्रॉयडन येथे जगातील पहिला विमान-नियंत्रण मनोरा उभारला गेला. अमेरिकेत सेंट लुई शहराच्या मैदानावर १९२९ साली आर्ची लीग नावाचा माणूस नियंत्रक म्हणून नेमला गेला. त्याची सामग्री म्हणजे एक हातगाडी, उन्हासाठी छत्री, खुर्ची आणि दोन निशाणे. तांबडे निशाण म्हणजे थांबा. चौकटीचे निशाण म्हणजे चला. पुढे निशाणांची जागा दिव्याच्या झोताने घेतली. जमिनीवरच्या विमानाकडे हिरवा झोत लुकलुकला तर चालू लागावे, स्थिर तांबडा दिसला तर थांबावे. या संकेतांत एक मोठा गुण होता. वैमानिकाने पाहिल्याखेरीज ते मिळतच नसत. ज्याला आज्ञा हवी त्याला मान वर करून बाहेर नजर टाकावीच लागे.

दृष्टीचा प्रश्न अखेर चाकांनी सोडवला. अमेरिकन अभियंता फ्रेड वाइक याने १९३४ साली बांधलेल्या आपल्या प्रायोगिक विमानाला तिसरे चाक शेपटीखाली न लावता नाकाखाली लावले. विमान आडवे उभे राहिले आणि वैमानिकाला समोरची वाट मोटारीतल्यासारखी दिसू लागली. १९३७ साली उडालेल्या ‘एरकूप’ या लहान विमानात त्याने हीच रचना वापरली. १९५० नंतरच्या दशकात पायपर आणि सेस्ना या कारखान्यांनी ती सार्वत्रिक केली. सेस्ना १७२ हे १९५६ पासून विक्रीस आले. भारतीय हवाई दलातही १९७७ साली प्रथम उडालेल्या ‘दीपक’ या नाकाला चाक असलेल्या विमानाने यथावकाश एच.टी.-२ ची जागा घेतली. नागमोडी चालीची गरज संपली.

परंतु गरजेबरोबर सवयही संपली. जो वैमानिक दिसत नाही म्हणून सतत डोकावून पाहत होता, त्याचा उत्तराधिकारी दिसते आहे या भरवशावर मान खाली घालून नकाशा चाळू लागला, रेडिओचे आकडे फिरवू लागला. शिवाय कुरण जाऊन त्याच्या जागी डांबरी धावपट्ट्या आणि अरुंद टॅक्सी-मार्ग आले. पूर्वी विमाने पांगलेली असत; आता ती एकाच वाटेवर एकामागे एक येऊ लागली. आणि डोळ्यांचे काम हळूहळू कानांकडे गेले.

कानांवर विसंबण्याची किंमत काय असते, हे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील क्विन्सी या लहानशा विमानतळाने १९ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी दाखवले. तेथे नियंत्रण मनोरा नव्हता. प्रत्येक वैमानिकाने एका समाईक रेडिओ-लहरीवर आपला हेतू जाहीर करावयाचा आणि इतरांचा ऐकावयाचा, अशी रीत होती. १२ माणसांना घेऊन बीचक्राफ्ट १९०० हे विमान उतरावयास येत होते. छेदून जाणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर विमान उभे होते आणि त्याच्यामागे एक लहान पायपर चेरोकी. उतरणाऱ्या विमानाने रेडिओवर विचारले की धावपट्टीवरचे विमान निघणार आहे की थांबणार आहे. उत्तर आले ते मागच्या चेरोकीकडून. आपण थांबलो आहोत, असे. त्याच क्षणी उतरणाऱ्या विमानातील इशारायंत्राचा आवाज झाला आणि उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. आपल्याला हवे ते उत्तर हव्या त्या विमानाकडून मिळाले, असे त्या वैमानिकांना वाटले. त्यांनी आभारही मानले. तो गैरसमज कोणी दुरुस्त केला नाही. किंग एअर मात्र काही न बोलता धावू लागले. दोन्ही विमाने धावपट्ट्यांच्या छेदावर एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील मिळून १४ माणसे मृत्युमुखी पडली. मोठ्या विमानातील माणसे आघातातून वाचली होती. मदतीला धावलेले लोक दारापाशी पोहोचलेही होते. पण वाकलेले दार उघडले नाही आणि धुराने आपले काम केले. चौकशीत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांनी रेडिओ नीट न ऐकण्याचा आणि बाहेर नीट न पाहण्याचा ठरला.

मनोरा असता तर हे घडले नसते, असे म्हणावे तर सेंट लुईचे उदाहरण आडवे येते. ज्या मैदानावर आर्ची लीगने निशाणे हलवली, तेथेच २२ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री एक सेस्ना ४४१ विमान आपल्याला नेमून दिलेल्या धावपट्टीऐवजी शेजारच्या धावपट्टीवर जाऊन उभे राहिले, आणि उड्डाणासाठी धावणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. सेस्नामधील दोघेही मरण पावले. इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात एक लहान सेस्ना सायटेशन विमान सांगितलेल्या टॅक्सी-मार्गाऐवजी दुसऱ्याच मार्गाने निघाले आणि धावपट्टीवर पोहोचले. त्याच वेळी तेथून ११० माणसांना घेतलेले विमान उडत होते. ११८ जण दगावले, त्यांत सामानाच्या इमारतीतील ४ कामगारही होते. त्या विमानतळावर जमिनीवरची हालचाल दाखवणारे रडार तेव्हा कार्यान्वित नव्हते, आणि वाटेवरच्या खुणा पुसट झाल्या होत्या. २ जानेवारी २०२४ रोजी तोक्योच्या हानेदा विमानतळावर, भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान परवानगी मिळाली आहे या समजुतीने धावपट्टीवर थांबले होते. उतरणाऱ्या मोठ्या विमानाने त्याला धडक दिली. मोठ्या विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडले. लहान विमानातील सहांपैकी पाच वाचले नाहीत. या तिन्ही प्रसंगांत लहान विमान भलत्या जागी होते, आणि ते आपण योग्य जागी आहोत अशा पूर्ण खात्रीने तेथे गेले होते.

असे मोठे अपघात चौकशीच्या दप्तरात जातात. त्यांवर अहवाल लिहिले जातात. परंतु रोजच्या लहान घसटींचे काय? आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार विमानात उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत जे घडेल ते अपघातात मोडू शकते. म्हणजे जमिनीवरची चाल तिच्यात येते. पण त्याच व्याख्येत नुकसान केवळ पंखाच्या टोकाचे, प्रोपेलरचे, चाकाचे किंवा पत्र्यावरच्या लहान पोच्यांचे असेल तर ते सोडून देण्यात आले आहे. नेमके हेच अवयव जमिनीवरच्या टकरीत दुखावतात. त्यामुळे ज्या प्रसंगात कोणाला इजा झाली नाही, तो पुष्कळदा अपघात ठरतच नाही. फ्लाइंग क्लबाला मात्र त्याची झळ पोहोचते. प्रोपेलर कशावर आदळला तर केवळ पाते बदलून भागत नाही. इंजिन उघडून आतला दंड तपासावा लागतो, आणि विमान दीर्घकाळ शेडमध्ये पडून राहते. जो दोष आज पंखाच्या टोकाशी भागला तोच उद्या धावपट्टीवर भागेल असे नाही. आणि दप्तरात नोंद नसली की त्यातून शिकणारा तेवढा एकच माणूस उरतो.

उपाय होत नाहीत असे नाही. १९८१ पासून अमेरिकेत प्रवासी विमानांच्या वैमानिकांना टॅक्सी करताना कामाव्यतिरिक्त बोलण्यास कायद्याने बंदी आहे; ही चाल उड्डाणाइतकीच नाजूक आहे, हे त्याने मान्य झाले. धावपट्टीच्या तोंडाशी तांबड्या दिव्यांची रांग, ठळक पिवळ्या रेषा, आज्ञा शब्दशः परत म्हणून दाखवण्याची सक्ती, जमिनीवरचे रडार, ही सारी साधने मोठ्या विमानतळांवर आली आहेत. परंतु जगातील बहुसंख्य लहान विमाने जेथे वावरतात ती मैदाने क्विन्सीसारखीच आहेत. तेथे ना दिव्यांची रांग असते, ना रडार. तेथे एक माणूस, एक रेडिओ आणि दोन डोळे एवढीच सामग्री असते.

आंतरराष्ट्रीय नियमावलीने कोणी कोणाला वाट द्यावी हे इतक्या तपशिलाने सांगितले आहे. तरीही टक्कर टाळण्याच्या त्याच प्रकरणाच्या प्रारंभी एक वाक्य घातलेले आहे. त्याचा आशय असा की, यातील कोणताही नियम वैमानिकाला टक्कर टाळण्यासाठी आवश्यक ती कृती करण्याच्या जबाबदारीतून मुक्त करीत नाही. म्हणजे आपल्याला अग्रहक्क आहे हे ठाऊक असणारानेही थांबावे. परवानगी कानी आली असली तरी समोर पाहावे. वाट मोकळी असल्याची खात्री डोळ्यांनी पटत नसेल तर इंजिन मंद करून ब्रेकवर पाय ठेवावा. थांबण्याची ही सोय आकाशात नाही. ती फक्त जमिनीवर आहे, आणि जमिनीवरच ती वापरावयाची राहून जाते.